यशवंतराव चव्हाण : दोन्हीकडचा जामीन

१९५५ च्या डिसेंबरच्या आरंभी फलटणला काँग्रेस कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. मालोजीराजे नाईक निंबाळकर यजमान होते. शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र काँग्रेसने दिल्लीशी चालवलेल्या वाटाघाटींविषयी या मंडळींची नाराजी होती आणि देवांवर आपला विश्वास उरला नसल्याचे तिथे उघडपणे सांगण्यात आले. महाराष्ट्राच्या स्मरणात मात्र देवांवरचा अविश्वास राहिला नाही. राहिले ते यशवंतराव चव्हाण यांचे एक विधान. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तर आपण नेहरूंची निवड करू, असा त्याचा आशय होता.

त्या दिवसांत हे बोलायला छाती लागत होती, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हवे. त्याआधी काही दिवसच, २१ नोव्हेंबरला, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्च्यावर गोळीबार होऊन पंधरा माणसे गेली होती. राज्य पुनर्रचना आयोगाने महाराष्ट्राला द्वैभाषिक देऊ केले होते, तर काँग्रेस कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी तीन राज्ये पुढे केली होती. मुंबई हातातून जाणार, या एका भीतीने शेतकरी, गिरणी कामगार, प्राध्यापक आणि संपादक एका बाजूला आले होते. अशा वेळी साताऱ्याकडच्या एका बेचाळीस वर्षांच्या मंत्र्याने आपली निष्ठा कोणत्या क्रमाने लावली आहे ते जाहीर केले. पुढची काही वर्षे त्यांच्या सभांत हे वाक्य त्यांच्यावर फेकले गेले. आचार्य अत्र्यांसारखा वक्ता समोर असल्यावर ते किती प्रकारांनी फेकले गेले असेल, याची कल्पना वाचकांना करता येईल.

या विधानाचा अर्थ साधारणपणे दोन तऱ्हांनी लावला जातो. टीकाकार म्हणतात, ही महत्त्वाकांक्षा होती. चव्हाणांनी नेहरूंच्या दरबारात आपली जागा राखून ठेवली. चाहते म्हणतात, ही दूरदृष्टी होती. नेहरूंना दुखावून संयुक्त महाराष्ट्र मिळणार नाही हे त्यांनी आधीच ओळखले. मला हे दोन्ही अर्थ अपुरे वाटतात, कारण दोहोंत फलटण हा एकदाच घडलेला प्रसंग ठरतो. चव्हाणांची पुढची पंचवीस वर्षे पाहिली तर फलटणला त्यांनी आपल्या राजकारणाची पद्धतच सांगितली होती असे दिसते. दिल्लीपुढे महाराष्ट्राचा जामीन राहायचे आणि महाराष्ट्रापुढे दिल्लीचा, अशी ती पद्धत. जामीन राहणाऱ्याची पत दोन्हीकडे असावी लागते. ऋणको आणि सावकार यांच्यापैकी एकाचाही विश्वास उडाला की जामीन कामाचा राहत नाही. शिवाय कर्ज बुडाले तर ते जामिनाच्या अंगावर येते.

याच काळात दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते आणि कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले होते. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, मुंबईत पुन्हा गोळीबार झाले आणि देशमुखांनी मंत्रिपद सोडण्याचा निर्णय घेतला. जुलैमध्ये लोकसभेत त्यांनी केलेले निवेदन मराठी माणसाने जपून ठेवले. देशमुखांची थोरवी वादातीत आहे. पण राजीनामा दिल्यानंतर मुंबईच्या प्रश्नावर दिल्लीच्या आतल्या खोलीत त्यांचे वजन उरले नाही, हेही खरे. देशमुख मूळचे सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. त्यांच्यामागे पक्षाची संघटना नव्हती आणि तिची त्यांना गरजही वाटत नव्हती. देवराष्ट्र्यासारख्या गावात वाढून, कऱ्हाडला शिकून, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून वर आलेल्या चव्हाणांना संघटना सोडून जाण्याची चैन परवडणारी नव्हती. सोडून कुठे जायचे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष काढला त्याला अजून दहा वर्षेही झाली नव्हती आणि त्या पक्षाची काय गत झाली ते चव्हाण बघत होते.

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने तोडगा काढला तो विशाल द्वैभाषिकाचा. गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे सगळे एका राज्यात. याचा मुख्यमंत्री कोण? मोरारजी देसाई बिनविरोध निवड होणार असेल तरच उभे राहणार होते. भाऊसाहेब हिरे यांनी आव्हान दिल्यावर मोरारजी बाजूला झाले आणि चव्हाणांनी हिऱ्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. हिरे महाराष्ट्र काँग्रेसचे त्या वेळचे वजनदार नेते, त्यांच्यामागे पश्चिम महाराष्ट्रातले कार्यकर्ते. चव्हाणांच्या विजयात गुजरातच्या आमदारांची मते होती. पुढे महाराष्ट्राचे शिल्पकार म्हणून ज्यांचा गौरव झाला, ते १ नोव्हेंबर १९५६ ला पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ते अशा पाठबळावर, हे आज फारसे कोणी सांगत नाही.

त्याचे बिल मतदारांनी पाच महिन्यांत पाठवले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची धूळधाण केली. ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या खऱ्या, पण त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. खुद्द मुख्यमंत्री कऱ्हाडमधून निसटत्या मतांनी निवडून आले. आपल्या तालुक्यातली माणसे, जी बेचाळीसमध्ये आपल्याला घरात लपवत होती, तीच आता आपल्याविरुद्ध मत देत आहेत, हा अनुभव राजकारणी माणूस विसरत नाही. चव्हाणांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी तो मनाला लावून घेतला नाही, हिशेबात घेतला.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते झाले. समितीने निदर्शनांची हाक दिली होती. वाईपासून गडापर्यंतच्या रस्त्यावर हजारो माणसे काळी निशाणे घेऊन उभी राहिली. मुंबईत दोन वर्षांपूर्वी मोरारजींच्या सरकारने जे केले ते इथे झाले नाही. पोलीस संयमाने वागले, गोळी सुटली नाही, आणि पंतप्रधानांची मोटार त्या गर्दीतून गेली. नेहरूंना लोकमत डोळ्यांनी दिसावे म्हणूनच यजमानाने हे घडू दिले, असे पुढे अनेकांनी म्हटले आहे. हेतू सिद्ध करता येत नाही. परिणाम मात्र दिसतो. नेहरूंना समारंभही सुरक्षित पार पडलेला दिसला आणि रस्त्याच्या दोन्ही कडांची माणसेही दिसली. समितीच्या नेत्यांना हे श्रेय चव्हाणांना देणे साहजिकच अवघड गेले. माझ्या मते श्रेय दोघांचे आहे. समितीने रस्ता भरला नसता तर चव्हाणांना दिल्लीत दाखवायला काही नव्हते, आणि चव्हाण दिल्लीत नसते तर तो भरलेला रस्ता तिथपर्यंत नीट पोहोचला नसता. संयुक्त महाराष्ट्र रस्त्यावर मिळाला की बैठकीत, हा आपल्याकडचा जुना वाद म्हणूनच मला फारसा फलदायी वाटत नाही.

मुख्यमंत्री म्हणून पुढची तीन वर्षे चव्हाणांनी दोन कामे जोडीने केली. घरी, समितीच्या मतदाराला हळूहळू आपलेसे करणे : महार वतने रद्द करणारा कायदा, नवबौद्धांच्या सवलती, गरीब मुलांच्या फीमाफीची योजना, सहकारी साखर कारखान्यांना हात, आणि विरोधी पक्षांतली माणसे एकेक करून काँग्रेसमध्ये आणण्याचे, ज्याला लोक बेरजेचे राजकारण म्हणू लागले ते. दिल्लीत, द्वैभाषिक आपण इमानाने चालवले तरी ते चालत नाही, हे पटवून देणे. हे दुसरे काम अधिक नाजूक होते. राज्य नीट चालवले तर दिल्ली म्हणणार, चालले आहे की; बिघडू दिले तर म्हणणार, तुम्हाला जमत नाही. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना वारे फिरले. वर्ष संपेपर्यंत विभाजनाचा निर्णय पक्का झाला.

विभाजनाची किंमत होती. गुजरातला नवी राजधानी उभारण्यासाठी आणि सुरुवातीची तूट भरून काढण्यासाठी पैसा द्यायचा होता. डांग आणि उंबरगाव यांवरचा हक्क सोडावा लागला. आणि बेळगाव, कारवार, निपाणीचा प्रश्न नव्या राज्याच्या मागणीतून बाजूला काढून पुढे चर्चेसाठी ठेवण्यात आला. त्यासाठी १९६० मध्ये चार सदस्यांची समिती नेमली गेली. तिच्यातून एकमताने काहीच निघाले नाही. सीमाभागातली माणसे समितीच्या लढ्यात पहिल्या रांगेत होती. १ मे १९६० ला मुंबईत दिवे लागले तेव्हा बेळगावात काय वाटले असेल, हे महाराष्ट्राच्या इतिहासाने फार थोड्या ओळींत उरकले आहे. मुंबईसह राज्य मिळत असताना सीमेसाठी ते अडवून धरायचे का, असा सवाल चव्हाणांसमोर होता आणि त्यांनी दिलेले उत्तर त्या दिवशी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी जे पुढे ढकलले गेले, ते सहा-सात वर्षांनी त्यांच्याच टेबलावर येऊन पडले.

१९६० च्या सुरुवातीला नागपुरातून गजानन त्र्यंबक माडखोलकरांनी एक टोचणारा प्रश्न विचारला होता : हे राज्य मराठी होणार की मराठ्यांचे? सांगलीच्या सभेत चव्हाणांनी त्याचे उत्तर मराठी असे दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले ते त्याच वर्षी. साहित्याच्या वाचकांना त्याचे मोल सांगायला नको. या उत्तराला एक दिल्लीकडे बघणारे अंगही होते. एका जातीचा किंवा एका प्रदेशाचा पुढारी अशी ओळख झाली की दिल्लीचे दार अर्धे लागते, हे चव्हाण जाणून होते. राज्याच्या राजकारणात जे शहाणपणाचे होते तेच तिथेही उपयोगाचे होते. इथे दोन्ही हिशेब जुळले. ते नेहमी जुळणार नव्हते.

चीनने १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये हल्ला केला, कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले. २१ नोव्हेंबरला ते कामावर रुजू झाले. चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला तोही त्याच दिवशी. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, ही आपली आवडती वाक्यरचना तेव्हाची. तिच्यात अभिमान आहे, आणि थोडी फसगतही. सह्याद्री धावून गेला म्हणजे सह्याद्रीवरून माणूस गेला. गादी दुसऱ्याकडे आली. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, वर्षभरात ते वारले आणि डिसेंबर १९६३ पासून वसंतराव नाईक आले ते थेट १९७५ पर्यंत. नाईक चव्हाणांना मानणारे होते. तरी अकरा वर्षे मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाचे स्वतःचे राजकारण तयार होतेच. चव्हाण नाशिकमधून पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेवर गेले. महाराष्ट्र त्यांच्यामागे होता यात शंका नव्हती, पण इथून पुढे ते महाराष्ट्राच्या वतीने बोलत, महाराष्ट्र चालवत नव्हते.

१९६५ च्या युद्धाने त्यांची प्रतिमा देशभर गेली. ताश्कंदला शास्त्रीजी वारले तेव्हा ते तिथेच होते. पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव त्या आठवड्यात घेतले गेले, पण पुढे सरकले नाही. त्यांच्यामागे एक राज्य एकसंध होते; इतर राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना मात्र दुसऱ्या एका बलाढ्य राज्याचा माणूस डोक्यावर नको होता. इंदिराबाईंमागे एकही राज्य नव्हते, म्हणून सगळ्या राज्यांना त्या चालल्या. १९ जानेवारी १९६६ ला त्यांनी मोरारजींना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी हरवले. चव्हाण त्यांच्या बाजूला होते. राज्यात पाय घट्ट असणे ही दिल्लीत नेहमीच जमेची बाजू असते असे नाही, हा धडा त्या मतमोजणीत होता.

आता मी या लेखाच्या मुख्य जागेपाशी येतो. दिल्लीत गोवधबंदीच्या मोर्च्यात हिंसाचार झाल्यानंतर गुलझारीलाल नंदा गेले आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये चव्हाण गृहमंत्री झाले. राज्यांच्या सीमा, केंद्रशासित प्रदेश, आंतरराज्य तंटे हा सगळा कारभार गृहखात्याचा. आणि त्या टेबलावर त्याच महिन्यांत तीन गोष्टी होत्या, तिन्ही महाराष्ट्राच्या.

पहिली गोव्याची. गोवा महाराष्ट्रात यावा ही महाराष्ट्रातल्या जवळजवळ सर्व पक्षांची इच्छा होती, आणि गोव्यात दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्याच मुद्द्यावर सत्तेवर आला होता. विधानसभेच्या ठरावावर विलीनीकरण उरकावे असा एक आग्रह होता. केंद्राने जनमत कौलाचा मार्ग घेतला. त्याचा कायदा डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे चव्हाण गृहमंत्री असताना, संसदेत संमत झाला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला. महाराष्ट्रात हळहळ झाली, थोडा संतापही झाला. मराठी गृहमंत्री असताना गोवा गेला, असे बोलले गेले. गोव्यातल्या माणसाला यातले ‘गेला’ हे क्रियापदच मान्य होणार नाही, आणि ते बरोबर आहे. त्याने स्वतः मत देऊन काय हवे ते सांगितले होते. गृहमंत्र्याने हा कौल निमूटपणे पाळला. त्याच्याकडून दुसरे काही अपेक्षित नव्हते. पण घरच्या मतदाराला ते समजावून सांगणे सोपेही नव्हते.

दुसरी गोष्ट सीमेची. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर आणि महाराष्ट्राच्या सततच्या आग्रहानंतर केंद्राने ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. खेडे हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, हे महाराष्ट्राचे सूत्र. या सूत्रावर महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला होता. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. म्हैसूरने २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, महाराष्ट्राने २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे. आयोग मागितला महाराष्ट्राने, आणि अहवाल फेटाळलाही महाराष्ट्राने. म्हैसूरला आयोग नको होता. त्याने अहवाल उचलून धरला. म्हैसूरचे मुख्यमंत्री निजलिंगप्पा हे पुढच्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, म्हणजे तंट्याच्या दोन्ही बाजूंची माणसे एकाच पक्षाच्या शिखरावर बसलेली होती.

गृहमंत्र्याने काय करावे? अहवाल अंमलात आणावा तर सातारा, सांगली, कोल्हापुरात तोंड दाखवता येणार नाही. फेटाळावा तर उद्या पंजाब-हरयाणाच्या, आसामच्या तंट्यात या गृहमंत्र्याचा शब्द कोण मानणार? शिवाय १९६७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसची अवस्था नाजूक होती. अनेक राज्ये हातची गेली होती, लोकसभेत २८३ जागा उरल्या होत्या आणि त्यांतल्या ३७ महाराष्ट्राच्या होत्या, ४५ पैकी ३७. चव्हाणांचे वजन दिल्लीत इतके पूर्वी कधी नव्हते आणि पुढेही झाले नाही. त्यांनी ते सीमेच्या पारड्यात टाकले नाही. अहवाल ना स्वीकारला गेला, ना फेटाळला गेला, तो राहिला.

या ‘राहिला’चे मोजमाप कसे करायचे, यावर माझे मत पूर्वीच्या अभ्यासकांपेक्षा थोडे वेगळे आहे. चव्हाणांनी सीमाभागाची उपेक्षा केली, असे सरसकट म्हटले जाते. पण आयोगाचा अहवाल आणि तो मानणारे म्हैसूर सरकार, दोन्ही समोर असताना तो अंमलात न येणे हीच महाराष्ट्राच्या बाजूने झालेली मोठी गोष्ट होती. अंमल झाला असता तर प्रश्न १९६८ मध्येच संपला असता, बेळगावशिवाय, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापुरातली गावे देऊन. तो जिवंत राहिला तो गृहखात्यात कुणीतरी तो मिटू दिला नाही म्हणून. हे चव्हाणांनी एकट्याने केले असा दावा करता येत नाही. मुख्यमंत्री नाईकांचा ठाम विरोध आणि इंदिरा गांधींची महाराष्ट्राला न दुखावण्याची गरज हेही त्यात होते. पण खाते त्यांचे होते. महाराष्ट्रासाठी न हरण्याची सोय त्यांनी केली, जिंकण्याची जोखीम घेतली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत ज्यांची मुले मराठी शाळेसाठी झगडत वाढली, त्यांना या फरकाने काही दिलासा मिळत नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्या दृष्टीने दिल्लीत आपला माणूस गृहमंत्री होता ती वर्षे वाया गेली.

तिसरी गोष्ट तेव्हा कुणी फार मनावर घेतली नव्हती. १९ जून १९६६ ला मुंबईत शिवसेना स्थापन झाली. मराठी माणसाच्या वतीने दिल्लीशी चढ्या आवाजात बोलणारा कुणीतरी हवा, ही जी मोकळी जागा होती ती चव्हाणांच्या पद्धतीमुळेच मोकळी राहिली होती. जामीन राहणारा माणूस ओरडू शकत नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर माहीमला उपपंतप्रधान मोरारजींची मोटार निवेदन घ्यायला थांबली नाही, आणि मुंबई काही दिवस पेटली. त्यात बळी गेले, बाळ ठाकरे यांना अटक झाली. देशाचा गृहमंत्री त्या वेळी मराठी होता, आणि रस्त्यावरच्या मराठी तरुणाला तो आपला वाटत नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये बंगलोरला काँग्रेस संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवर मतदान झाले. चव्हाणांनी मोरारजी, कामराज आणि स. का. पाटील यांच्याबरोबर नीलम संजीव रेड्डी यांना मत दिले. इंदिरा गांधींचा उमेदवार पडला. लगेच मोरारजींचे अर्थखाते गेले, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गिरी राष्ट्रपती झाले आणि नोव्हेंबरात पक्ष फुटला तेव्हा चव्हाण इंदिरा गांधींच्या बाजूला होते. ‘कुंपणावरचे’ हा शिक्का तेव्हापासून कायमचा बसला. त्यांनी बाजू का बदलली, याचे व्यक्तिगत स्पष्टीकरण देण्याची घाई होते. मला इथे महाराष्ट्र दिसतो. नाईक आणि प्रदेश काँग्रेस इंदिरा गांधींबरोबर एकसंध राहणार हे स्पष्ट होते. बँका सरकारजमा झाल्याचा आनंद सहकारी कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या महाराष्ट्रात खरा होता. सिंडिकेटबरोबर गेले असते तर चव्हाण कदाचित मोठ्या पदावर गेले असते, पण त्यांच्यामागे राज्य राहिले नसते. फलटणला त्यांनी राज्याच्या लोकमताविरुद्ध दिल्ली निवडली होती. १९६९ ला दिल्लीतल्या स्वतःच्या मतावर राज्याने त्यांना परत ओढले. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना संधिसाधू म्हटले.

जून १९७० मध्ये गृहखाते जाऊन अर्थखाते आले. १९७१ ला महाराष्ट्राने ४५ पैकी ४२ खासदार दिले, पण ती मते इंदिरा गांधींच्या नावावर पडली होती. राज्यातले बळ दिल्लीत वापरायचे, हे चव्हाणांचे भांडवलच तिथे आटले. राज्यातला मतदार आता मधल्या माणसाला वगळून थेट दिल्लीच्या नेत्याशी जोडला गेला होता. १९७५ च्या फेब्रुवारीत नाईक गेले आणि शंकरराव चव्हाण आले. हा बदल दिल्लीने ठरवला. यशवंतराव तेव्हा परराष्ट्रमंत्री होते.

त्या वर्षाचा एक प्रसंग साहित्याच्या वाचकांना ठाऊक असेल. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. गाव चव्हाणांचे, यजमानांत ते स्वतः, आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. आणीबाणीच्या सरकारमधला मंत्री ते आपल्या गावात ऐकत होता. त्याने ते थांबवले नाही, आणि सरकारही सोडले नाही. देशमुखांचा १९५६ चा राजीनामा त्या मांडवात कुणाला आठवला असेल का, असे मला नेहमी वाटते.

पुढचे थोडक्यात सांगता येते. १९७७ च्या पराभवानंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८ च्या आरंभी काँग्रेस पुन्हा फुटली तेव्हा ते इंदिरा गांधींच्या विरुद्ध बाजूला राहिले. फेब्रुवारीतल्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९, त्यांच्या काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसचे सरकार वसंतदादा पाटलांनी बनवले आणि चार महिन्यांत शरद पवारांनी ते पाडून पुलोदचे सरकार आणले. यात चव्हाणांची संमती किती, यावर आजही वाद होतो. वाद होऊ शकतो यावरूनच दिसते की महाराष्ट्रात काय होईल हे आता त्यांच्या एका शब्दावर ठरत नव्हते. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार कोसळले ते चव्हाणांच्या अविश्वास ठरावाने. राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी प्रथम त्यांनाच विचारले. आयुष्यात पंतप्रधानपदाच्या इतके जवळ ते पहिल्यांदाच आले, आणि तेव्हा त्यांच्यामागे ना पक्ष पुरेसा होता ना राज्य. ते चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. १९८० च्या इंदिरालाटेत साताऱ्याने त्यांना निवडून दिले. महाराष्ट्रात इतरत्र त्यांच्या पक्षाचे पानिपत झाले. नंतर ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. दारात बराच काळ उभे राहावे लागले.

१९८२ मध्ये त्यांना आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. केंद्राच्या करांतला वाटा राज्याराज्यांत कसा विभागायचा, हे ठरवणारे हे पद. राजकीय निवृत्तीची सोय म्हणून त्याची तेव्हा थोडी चेष्टा झाली. मला वाटते, तिथे त्यांना फारसे परके वाटले नसावे. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले. संसार दिल्लीत झाला तरी पत्ता कऱ्हाडचाच राहिला.

त्याच वर्षी त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड ‘कृष्णाकाठ’ प्रसिद्ध झाला. तीन खंडांचा बेत होता : पहिला कृष्णेच्या काठचा, दुसरा मुंबईच्या सागराचा, तिसरा दिल्लीच्या यमुनेचा. हातात आला तो एकच. तो १९४६ ला, ते आमदार होऊन मुंबईला निघतात तिथे थांबतो. फलटण दुसऱ्या खंडात आले असते, महाजन अहवाल तिसऱ्यात. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे. तिथे महाजन अहवालाची पाने दोन्ही बाजू वाचून दाखवतात. तो अहवाल टेबलावर आला त्या दिवशी गृहमंत्र्याच्या मनात काय होते, ते सांगणारी पाने मात्र लिहायची राहून गेली.